आधण कोन्तं, कण्या कोन्त्या

बीडकडून पिंपरीच्या कारखान्यात आल्यावर पहिल्याच दिवशी ज्योतीरामची जीभ बसली. झालं इतकंच, की तो म्हणाला, "लई घाम येऊ लालाय." शेजारी तळवड्याचा गेनू होता. त्यानं मान वाकडी करून हुबेहूब वाजवलं, "लई घाम येऊ लालाय राव." सगळी शेड हसली. तेव्हापासून ज्योतीराम मानेनंच बोले. हो म्हणजे खाली, नाही म्हणजे आडवी. चार वर्षं.

सत्तावन्न साली त्याला तेजाबाच्या हौदावर नेमलं. तिथं लोखंडाचा गंज काढत. आधीच्या रंगरावाचं तोंड भाजलं होतं. तो गावी गेला तो गेलाच. भिंतीवर कागद होता : 'आम्ल पाण्यास मिळवावे, पाणी आम्लास कदापि मिळवू नये.' ज्योतीराम चौथी शिकलेला. अक्षरं लागली, पण मिळवायची असते ती भाकर, आणि आम्लाला तो अंमल समजला. केमिस्ट नानासाहेब नाकातून म्हणाले, "ॲसिड इन वॉटर. उलट केलंत तर संपलं. समजलं?"

ज्योतीरामची मान खाली गेली. सोमवारपासून हौदावर तो एकटा.

रविवारी दुपारी चिंचवडच्या खोलीत त्यानं शेगडीवर आधण ठेवलं. बायकोला, दुर्गाबाईला, जाऊन दोन वर्षं झाली होती. आता बोलायचं ते तव्याशी. ज्वारीच्या कण्यांची मूठ उचलली आणि तिचा आवाज कानात आला, "आधणात कण्या वैराव्या वो. कण्यांवर आधण वतलं की उडतंय, हात पोळतोय."

मूठ तशीच वर राहिली. म्हणजे कागदावरची गोष्ट हीच होती. पण तिथं हौदावर आधण कोणतं? हे विचारल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि विचारायचं म्हणजे तोंड उघडायचं.

सोमवारी हातात रबरी मोजे, एका बाजूला तेजाबाचा काचेचा बाटला, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बादल्या, मधे कोरडा हौद. नानासाहेब पुढं निघून चालले होते.

"साहेब," ज्योतीराम म्हणाला, "ह्यातलं आधण कोन्तं अन् कण्या कोन्त्या?"

"आधण कोन्तं..." मागून गेनूनं सूर लावलाच.

नानासाहेबांनी चष्मा काढला. "गेनू, गप. ज्योतीराम, पुन्हा विचारा."

त्यानं पुन्हा विचारलं.

"पाणी आधण," नानासाहेब सावकाश म्हणाले. यावेळी नाकातून नाही. "तेजाब कण्या. आधी आधण, मग कण्या वैरायच्या. थोड्या थोड्या."

ज्योतीरामनं आधी हौदात बादल्या रिकाम्या केल्या. मग तेजाबाची बारीक धार सोडली. पाणी गरम झालं, वाफ आली, उडालं काही नाही.

कागद भिंतीवर तसाच राहिला. त्याच्याखाली गेनूनं खडूनं लिहिलं, 'पाणी आधण, तेजाब कण्या.' पुढं जो कुणी हौदावर येई, तो ज्योतीरामच्याच सुरात ते म्हणून मगच बाटल्याला हात लावी. गेनूसुद्धा.

संध्याकाळी ज्योतीरामनं आधण ठेवलं. एकट्यापुरती मूठ घेतली, वैरली आणि मोठ्यानं म्हणाला, "आधी आधण."

खोलीत नक्कल करायला कुणी नव्हतं.