इन्स्पेक्शनसाठी काढलेला पाइप

मी सैन्यात हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. भूकंपाच्या साली आमचं वर्कशॉप सिकंदराबादला होतं. त्या काळी मी एका हातानं गिअरबॉक्स उचलायचो आणि दुसऱ्या हातातल्या चहाचा थेंब सांडत नसे. बघणारे सगळे आता पेन्शनवर आहेत. त्यांना हे आठवत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आमच्याकडं सहा सिलिंडरची एक जुनी जीप होती. इंजिन इतकं थरथरायचं, की ड्रायव्हरची उजवी मिशी संध्याकाळपर्यंत डावीकडं सरकलेली असायची. या इंजिनाच्या ब्लॉकवर ऑइल प्रेशरचा सेंडर थेट आट्यांत बसवलेला असतो. लहानशी डबी, खाली करंगळीएवढी पितळी मान. तेलाचा दाब किती, हे ती समोरच्या काट्याला कळवते. इंजिनाचा सगळा हिसका त्या मानेवर येतो. एका वर्षात तीन माना मोडल्या. मान मोडली की तेलाची चिळकांडी उडते, आणि तेल गेलं की इंजिन गेलं.

नाईक गौतम हनवते माझ्या हाताखालचा. हिमायतनगरकडचा. बोलणं कमी, पाना नेमका. एक दिवस म्हणाला, "उस्ताद, ही डबी इंजिनवर ठेवूच नगा. मागच्या पत्र्यावर बसवू."

बसवली. ब्लॉकला कोपर लावला, कोपराला जाळीदार लवचीक पाइप, पाइपाचं दुसरं टोक बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, आणि सेंडर तिथं. गाडी चालू केली तर काटा ढिम्म. मी काट्यावर दोन बुक्क्या घातल्या.

"त्याला कशाला मारून राहिले? डबीला अर्थिंग न्हाई," गौतम म्हणाला. त्यानं एक तार जोडली. काटा उठला. पुढची दोन वर्षं एक मान मोडली नाही.

मग वार्षिक इन्स्पेक्शन जवळ आलं. सुभेदार साहेबांनी बॉनेट उघडलं.

"ये पाइप क्या है?"

"सुधारणा, साब."

"किताब में नहीं है. निकालो. इन्स्पेक्शन के बाद लगा लेना."

सैन्यात गाडी कागदासारखी लागते. पाइप काढला, सेंडर ब्लॉकवर परत बसवला. इन्स्पेक्शन उत्तम झालं. पुढं तीन आठवडे मी कँटीनमध्ये सांगत फिरलो, की मोठ्या साहेबांनी माझ्या इंजिनाला सॅल्यूट ठोकला. गौतमनं दोनदा विचारलं, "उस्ताद, पाइप?" मी म्हणालो, "उद्या." पाइप फळीवरच राहिला.

मग किल्लारीकडची जमीन हादरली. आम्ही निघालो तेव्हा गाडी घाईत भरली. फळीकडं कुणी बघितलं नाही.

तिथली घरं माळवदाची. दगड-मातीच्या अडीच हात रुंद भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर हातभर माती. ती सगळी झोपलेल्या माणसांवर आली होती. आमच्या वाट्याला आलेल्या गावात पहिला दिवस प्रेतं काढण्यात गेला. मोजणं मी दुपारी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सोळा वाजता, म्हणजे दुपारी चारला, एका ढिगाखालून आवाज आला. एक माणूस टिकाव घेऊन त्यावर वेड्यासारखा घाव घालत होता. दर घावाला वरचे दगड आत घसरत होते. गौतमनं टिकाव धरला. त्या माणसानं दांडा फिरवून गौतमच्या तोंडावर हाणला.

"सोड! बायको हाय माजी आत!"

"जित्ती हाय, दादा. तुम्हीच मारताल तिला." गौतमच्या नाकातून रक्त येत होतं. त्यानं ते बाहीला पुसलं आणि टिकाव काढून घेतला.

तुळई तारेच्या दोरानं जीपला बांधली. लो गिअर. स्टीअरिंगवर मी. गौतम तुळईखाली सरपटत गेला. मी रेडिओवर सांगितलं, "तुळई उचलतोय. ओव्हर." तिकडून आलं, "सावकाश. ओव्हर."

"अजून एक वीत, उस्ताद!"

मी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन थरथरलं. काटा शून्यावर पडला.

मान मोडली होती. तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडालं आणि बॉनेटच्या फटींतून जाळ बाहेर आला. इंजिन बंद केलं असतं तर ब्रेक लावूनही गाडी मागं गेली असती. मी पाय काढला नाही.

"गौतम, बाहेर ये!"

"पाय अडकलाय बाईचा. धरा गाडी!"

मी धरली. इंजिनाच्या आतून घणासारखे ठोके सुरू झाले. बाईचं डोकं बाहेर आलं, मग खांदे. नवऱ्यानं तिला काखेतून ओढलं. आतून गौतम तिला ढकलत होता. त्याचे हात मला दिसत होते. मग इंजिनातला रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, दगडगोट्यांवर जीप फरफटत मागं गेली आणि तुळई गौतमवर बसली. सोळा बावीस.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत एकच प्रश्न महत्त्वाचा होता.

"गाडी स्टँडर्ड थी?"

"थी, साब."

कुणाचाही दोष निघाला नाही.

सुट्टीत मी गौतमच्या गावी गेलो. वडील शेतमजूर. त्यांना मी पाइपाचं सगळं सांगितलं, कँटीनसुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाकीच्या गाड्या आता कशा हायेत?"

"चार गाड्यांचे सेंडर बदलून पत्र्यावर घेतले, काका."

"समद्यांचे बदला."

निवृत्तीनंतर लातुरात क्लासेसच्या गल्लीमागं गॅरेज टाकलं. गल्लीत आता माणसांपेक्षा टॉपरांचे फोटो जास्त. मागल्या साली एका क्लासचे सर लिलावातली जुनी जीप घेऊन आले. टॉपरांची मिरवणूक काढायची होती. गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलं, तर सेंडर मी पाइपानं पत्र्यावर घेतलेला.

"मामा, हे काय? मला सगळं ओरिजिनल पाहिजे. फोटो निघणार."

"फोटोत बॉनेट बंद असतंय, सर."

"पैसे मी देणार ना? डबी जागेवर बसवा."

"मग गाडी दुसरीकडं न्या. हवा मी भरून देतो, फुकट."

सर चिडले, पण थांबले. वाकून बघू लागले. पत्र्यावर सेंडरशेजारी मी पंचनं अक्षरं ठोकतो, दर गाडीत.

"ना. गौतम हनवते. हे कोण?"

"नाईक होता. सव्वीस वर्षांचा. ती बाई जगली, सर."