हेसेलकाकांचं न खचणारं कुरण

आमच्या गावात हल्ली तेत्स्केचं नाव निघालं की लोक खांदे उडवतात. "ती रडारवाली ना? सगळे आकडे चुकले म्हणे तिचे." हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तिला मी अकरा वर्षं ओळखतो. विद्यापीठाच्या वर्कशॉपात मी वेल्डर, ती वरच्या मजल्यावरची शास्त्रज्ञ. पण गमबूट घालून चिखल तुडवायला लागलो की आमच्यात वरचा मजला नि खालचा मजला उरायचा नाही.

तिचा बाप मालवाहू बोटीवर कामाला, त्यामुळे पोरगी कालव्यांवरच वाढली. शिकली, उत्तरेला जाऊन समुद्रावरच्या बर्फाची रडारने मापं घेतली, आणि तिथली भली नोकरी सोडून आमच्या फ्रीसलंडच्या चिखलात परत आली. का, तर इथली जमीन खचते म्हणून! आमची काळी माती म्हणजे हजारो वर्षं कुजत पडलेलं गवत. चरांतलं पाणी खाली ठेवलं तर गाई चरू शकतात, पण मग माती वाळते, हवा लागून विरते आणि कुरण दरवर्षी थोडं खाली बसतं. नेमकं किती बसतं, ते हिला आकाशातून मोजायचं होतं.

"रडारला ढग आडवे येत नाहीत, डाउवे," ती मला म्हणाली होती.

"बरंय. इथे ढग सोडून दुसरं असतं काय?"

गवतावरून रडारची लाट नीट परत येत नाही, म्हणून मी तिला पत्र्याचे कोपरे बनवून दिले. तीन पत्रे काटकोनात जोडलेले, त्यांना लोखंडी पाय, पायांखाली जाड फळी, फळी कुरणाच्या मातीवर टेकलेली. लाट आत शिरली की आल्या वाटेने परत, आणि उपग्रहाच्या चित्रात तेवढाच ठिपका लख्ख. दर सहा दिवसांनी नवं चित्र यायचं. कोपरा दोन मिलिमीटर खाली गेला तरी तिला कळायचं.

पाच शेतकऱ्यांनी कोपरे बसवू दिले. पहिले हेसेलकाका, माझ्या आईचे शेजारी. मीच तिला त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. काकांनी कॉफी ओतली, एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला.

"पोरी, या आकड्यांचं पुढे काय होणार?"

"काही नाही काका. नुसता अभ्यास."

"आणि पाणीमंडळाने मागितले तर? चरांत पाणी किती ठेवायचं, ते तेच ठरवतात."

"तेव्हाचं तेव्हा बघू," ती हसून म्हणाली.

पहिलं वर्ष सरलं. चार कुरणं खचली, काकांचं जागच्या जागी. तेत्स्के साखरपाव घेऊन धावत त्यांच्याकडे गेली. "काका, तुमची जमीन बसत नाही हो! करता तरी काय तुम्ही?" काका बराच वेळ टेबलक्लॉथवरचे चुरे गोळा करत राहिले. मग म्हणाले, "चरातला गाळ काढून कुरणावर पसरतो. बाप करायचा, मी करतो. बाकीच्यांना कंटाळा."

झालं! बाईला पंख फुटले. दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. गाळाने माती राखली जाते, हा तिचा सिद्धांत झाला. तिने काकांच्या गाळाच्या बाटल्या भरभरून तपासल्या, जगभर भाषणं दिली, प्रत्येक भाषणात काकांच्या कुरणाचं चित्र. मी चिडवायचो, "लग्न कर त्या कुरणाशी एकदाचं." ती म्हणायची, "ते विचारेल तर करीन."

या वर्षी पाणीमंडळाने प्रस्ताव आणला, चरांतलं पाणी वर घ्यायचं; आधी सुनावणी, मग मतदान. म्हणजे जमीन खचायची थांबेल. पण गाय गुडघाभर रुतेल आणि पाचही घरांतलं दूध बंद होईल. गाव हादरलं. तेत्स्के म्हणाली, थांबा. पाणी न वाढवता जमीन राखता येते, माझ्याकडे अकरा वर्षांचा पुरावा आहे. सुनावणीत तीच बोलणार होती. पाच गोठ्यांची सगळी भिस्त तिच्या एका आलेखावर होती.

सुनावणीच्या चार दिवस आधी मी काकांच्या कोपऱ्याचा गंजलेला पाय बदलायला गेलो. एरवी तिथे हात लावायची वेळच येत नसे. भोवतालचं गवत काका स्वतः कात्रीने कापायचे. "तुम्ही कशाला त्रास घेता?" म्हणायचे. त्या दिवशी ते जनावरांच्या डॉक्टरकडे गेले होते. मी फळी उचलली. खाली एकावर एक अकरा पट्ट्या. प्रत्येक आठ मिलिमीटरची, कडा घासलेल्या, आणि प्रत्येकीला गोठ्याच्या दाराचा हिरवा रंग. ओल्या मातीत लाकूड कुजू नये म्हणून! लबाडी करतानाही आमचा माणूस रंगाचा हात चुकवायचा नाही.

मी तेत्स्केला बोलावलं. ती गुडघ्यावर बसली, पट्ट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"दर हिवाळ्याच्या शेवटी यांचा ठिपका थोडा वर यायचा," ती म्हणाली. "पावसाने सगळीच कुरणं फुगतात त्या आठवड्यात. त्या फुगवट्यात यांचे आठ मिलिमीटर लपून गेले. आणि मी त्याला गाळ म्हणत बसले!"

काका आले. आम्हाला बघून त्यांनी सायकल उभी केली, स्टँड नीट लावला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

"काका, मी तुमच्यासाठीच भांडत होते!"

"मला वाटलं, एकदाच करावं. पाणीमंडळाची कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती. पण तू तो साखरपाव घेऊन आलीस, पोरी. एवढी खुशीत होतीस. मग थांबवू कसं?"

"माझ्या खुशीवर ढकलू नका!" ती ओरडली. तिला ओरडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

काका हळू आवाजात म्हणाले, "आता गप्प राहिलीस तर पाचही घरं वाचतील. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी त्यांना शिव्या घातल्या. माझ्या शब्दावर ती या घरात आली होती. माणसाने केसाने गळा कापावा तो असा! तेत्स्केने मला हाताला धरून गाडीकडे नेलं. वाटेत म्हणाली, "त्यांचं नाव मी सभेत घेणार नाही. तूही घ्यायचं नाही. म्हातारे आहेत, इथेच राहायचंय त्यांना. सांगायचं असेल तर ते स्वतः सांगतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगतील रे. अकरा वर्षं कॉफी प्यायलेय मी त्यांच्याकडे."

सभागृह गच्च भरलं होतं. काका पहिल्या रांगेत, अंगात रविवारचा कोट. तेत्स्के उभी राहिली आणि म्हणाली की एक कोपरा मधूनमधून वर उचलला गेला होता, तो आलेख मी मागे घेते, गाळाचा सिद्धांत उभा राहत नाही. बाकीचे चार कोपरे खरे आहेत. जमीन खचतेय.

"कुणी उचलला?" अध्यक्षांनी विचारलं.

"काम माझं होतं. अकरा वर्षांत मी एकदाही फळीखाली बघितलं नाही."

मग ती थांबली. अध्यक्षांकडे नव्हे, पहिल्या रांगेकडे बघत थांबली. मीही बघत होतो. काका आपल्या टोपीची कड बोटांनी फिरवत बसले. अध्यक्ष खाकरले, पाण्यावर मतदान झालं, आणि पाणी वर घ्यायचं ठरलं.

बाहेर कोट घेताना सगळी गर्दी तिच्यावर तुटून पडली. आमच्या जिवावर भाषणं ठोकलीस, एक फळी तपासता आली नाही? वोब्बे, काकांच्या पलीकडचा शेतकरी, पन्नास गाईंचा मालक, रडवेला होऊन काकांकडे वळला. "हेसेल, तुझ्याच कुरणातला कोपरा म्हणे तो. तुला काहीच कसं दिसलं नाही?"

तेत्स्के दोन पावलांवर होती. कोटाच्या एका बाहीत हात घालून तशीच उभी राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग वोब्बेकडे.

"मी अडाणी माणूस," काका म्हणाले. "रडारमधलं मला काय कळतंय? ती शिकलेली, तिला विचार."

मी पुढे झालो, पण तिने माझा दंड घट्ट धरला. दुसऱ्या बाहीत हात घातला, बटणं लावली.

"चल डाउवे," ती म्हणाली, "मला घरी सोड."