वामनरावांच्या हातचा दोर

पिंपळगाव राजात कुणाला चांगलं पोहता येत असेल, तर त्याला वामनरावांनी शिकवलं असं खुशाल समजावं. पोराच्या कमरेला दोर बांधायचा, विहिरीत उतरवायचं आणि काठावर टोक धरून शिव्या घालत बसायचं, ही त्यांची पद्धत. शिव्या इतक्या मोकळ्या, की बायका त्या वेळेला तिकडे फिरकत नसत. पण त्यांच्या हाताखाली एकही पोर बुडालं नाही.

पोहता न येणारं एकच लेकरू निघालं, त्यांची स्वतःची निशिगंधा. नऊ वर्षांची होती. तीन दिवस झाले तरी पायरी सोडेना, वर रडायला लागली. काठावरची पोरं फिदीफिदी हसली आणि वामनरावांचं डोकं फिरलं. त्यांनी तिला पाण्यात ढकललं आणि हातातला दोर फेकून दिला. तिनं चार गटांगळ्या खाल्ल्यावर त्यांनीच उडी मारून तिला बाहेर काढलं.

घरी मात्र सांगितलं, पोरीनं हिसका दिला, दोर निसटला. पोरांची बोलायची बिशाद नव्हती. मी शाळामास्तर, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी मान डोलावली. हे लिहिताना आजही लाज वाटते.

निशिगंधा आता छत्तीस वर्षांची आहे. माहेरी येते, सगळ्यांशी हसून बोलते, विहिरीकडे पाठ करून बसते. यंदा उन्हाळ्यात तिच्या मुलीनं, अपेक्षानं, आजोबांकडून पोहायला शिकायचा हट्ट धरला. निशिगंधा एवढंच म्हणाली, "नाही." त्या दिवशी वामनराव जेवले नाहीत.

संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी ख्रिस्ती. तरुणपणी आमच्या पाळकांकडे थोडी हिब्रू शिकलो होतो, आणि शिकलेलं दुसऱ्याला ऐकवायची खोड काही गेली नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "हिब्रूत 'मुसार' असा शब्द आहे. शिस्त, कानउघाडणी, शिकवण, सगळं त्या एकात येतं. बाप लेकराला देतो ते मुसार. कडक असतं, दुखतंही, पण लेकराच्या भल्यासाठी असतं."

त्यांनी मान हलवली.

"मंग मी देल्लं ते मुसार नाही, मास्तर. मी तिले शिकवत नव्हतो. पोट्टे हासले, माही इज्जत गेली, अन् त्याचा राग मी तिच्यावर काढला. वरून तिच्याच नावावर खोटं बोललो."

त्या खोट्यात माझाही वाटा होता. शिस्तीवर शाळेत मी किती भाषणं ठोकली असतील!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. निशिगंधा गहू निवडत होती. वामनराव तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"माय, तू हिसका नव्हता देल्ला. दोर म्याच टाकला होता."

"मीही पाहिलं होतं," मी म्हणालो. "आणि गप्प राहिलो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मले माहीत हाये. दोराचं टोक माह्या अंगावर येऊन पडलं होतं, बाबा. सत्तावीस वर्षं मी वाट पाहून राह्यली, कोन सांगते म्हनून."

वामनराव लहान मुलासारखे रडले. मी खाली बघत उभा राहिलो. तिनं ना त्यांना गप्प केलं, ना मला बसा म्हटलं. उठली, आतून दोर आणला, अपेक्षाचा हात धरला आणि विहिरीकडे चालू लागली. आम्ही मागोमाग.

काठावर तिनं एक टोक लेकीच्या कमरेला बांधलं. दुसरं बापाच्या हातात दिलं नाही. त्यांच्या मनगटाला दोन वेढे घातले, करकचून गाठ मारली आणि माझ्याकडे वळली.

"मास्तर, गाठ पाहून घ्या. मांगून कोनी इचारलं, तर खरं सांगजा."