ज्या बोटाची टचपॅडने दखल घेतली नाही

तान्हा पोळा. ग्रामपंचायतीत लॅपटॉप आला. जबाबदार : तो पसंत करणारे ग्रामसेवक.

दसऱ्याचा आदला दिवस. सरपंचबाईंनी टचपॅडवर बोट फिरवले, पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही. जबाबदार : टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे बोटाचा स्पर्श संगणकाला कळवणारा लहानसा प्रोग्राम, लिहिणारे परदेशस्थ सद्गृहस्थ.

तोच दिवस, तीच वेळ. "द्या ताई, मी करतो," असे म्हणून पंचायतीच्या ऑपरेटरने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला. जबाबदार : तोच.

संक्रांतीनंतरचा आठवडा. माझी तक्रार एका यंत्राने परस्पर निकाली काढली. जबाबदार : यंत्राला नाव नसल्याने रकाना रिकामा.

तालुक्याच्या कोर्टात लिपिक म्हणून माझी हयात गेली. त्यामुळे आधी प्रतिवादी ठरवावेत आणि मगच हकीकत सांगावी, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आता हकीकत.

आमच्या सरपंचबाई तांड्यावरच्या. त्यांच्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला. बाईंच्या वाट्याला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आली. बोंडातला कापूस ओढताना त्याची वाळकी टोके बोटांत शिरतात. असे वर्षानुवर्षे झाले की बोटाच्या टोकाची कातडी चामड्यासारखी होते. हे बोट कापूस ओळखते, विळा ओळखते, सातबारा वाचताना ओळीखाली नीट फिरते. फक्त टचपॅड त्याला बोट मानायला तयार नव्हते. ऑपरेटरने निदान केले, "ताई, तुमचं बोटच लागून नाही राह्यलं." वर हात धुऊन येण्याचा सल्लाही दिला. बाई धुऊन आल्या. स्वच्छ हाताचीही दखल घेतली गेली नाही.

त्या दिवशी पंचायतीच्या कामांची यादी भरायची होती. तांड्याची नळाची लाइन पहिली घ्या, असे बाईंनी सर्वांसमक्ष सांगितले. ऑपरेटरने बोट फिरवले आणि "झालं ताई" म्हणाला. पडद्याचे तोंड त्याच्याकडे होते. कारभार बाईंचा आणि बोट त्याचे, ही व्यवस्था त्या दिवसापासून रूढ झाली. माऊस का आणत नाही, असे मी ग्रामसेवकांना विचारले. त्यांनी प्रस्ताव पाठवल्याचे सांगितले. माऊस आला असता तरी ऑपरेटरच्याच हाताखाली नांदला असता, यावर बाईंचे आणि माझे एकमत होते.

लॅपटॉपमधली कार्यप्रणाली फुकटची आणि खुली आहे, तिचा ओळ न् ओळ मजकूर जगाला वाचता येतो आणि कोणालाही तिच्याविरुद्ध चव्हाट्यावर तक्रार करता येते, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो निवृत्तिवेतनाच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता. कोर्टाच्या इंग्रजीत मी तक्रार लिहिली : पक्षकार, वादाचे कारण, परिच्छेदवार कथन, शेवटी मागणे. पहिले उत्तर म्हणून एका विद्वानाने अंगठ्याचे चित्र पाठवले. आमच्या कोर्टात सही न येणारा माणूस अंगठा देई, आणि तोही शरमून. दुसऱ्याने कळवले की त्याच्या लॅपटॉपवर असे होत नाही. म्हणजे माझ्या घरी चोरी झाली नाही, तस्मात तुमच्या घरीही झाली नसावी. तिसऱ्याने हात धुऊन पाहिले का, असे विचारले. आमच्या ऑपरेटरची विद्वत्ता इतक्या दूर पोचली असेल अशी मला कल्पना नव्हती.

मग वेचणी सुरू झाली. बाई शेतात, पंचायतीला कुलूप, माझ्याकडून उत्तर नाही. संक्रांतीनंतर तिथल्या जुन्या तक्रारी आपोआप मिटवणाऱ्या यंत्राने कळवले की हालचाल नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. मी त्याच दिवशी लिहिले की वेचणीच्या हंगामातले मौन म्हणजे हक्क सोडणे नव्हे, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत यंत्र बसवले असेल तर ते कोणी बसवले हेही कळवावे.

या पत्रानंतर एक नवीनच बाई उगवल्या. ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांपैकीच त्या एक. त्यांनी माफी मागितली नाही, सल्ला दिला नाही, पुरावा मागितला. बोट फिरताना टचपॅडला काय जाणवते याची नोंद करणारे साधन त्या प्रणालीतच असते, ते चालवून नोंद पाठवा म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी कायद्याचे बोलले.

मी रीतसर पंचनामा केला. पंच दोन : समोरचा चहावाला आणि स्वतः ऑपरेटर. पासवर्ड त्याच्याकडेच होता आणि गंमत पाहायला तो आनंदाने बसला. आधी माझे बोट, मग चहावाल्याचे, मग बाईंचे. नोंद वाचून परदेशातल्या बाईंनी जे लिहिले ते मी दोनदा वाचले. सरपंचबाईंचा स्पर्श टचपॅडला प्रत्येक वेळी जाणवत होता. तो ठरावीक आकड्यापेक्षा क्षीण म्हणून ड्रायव्हर टाकून देत होता. साक्ष झाली होती, फक्त विचारात घेतली गेली नव्हती.

त्यांनी आमच्या मॉडेलपुरता तो आकडा उतरवण्याची दुरुस्ती सुचवली. त्यावर त्यांचेच सहकारी तुटून पडले : आकडा उतरवला तर टायपिंग करताना टेकलेला तळहातही बोट ठरेल, त्याचे काय? भांडण सर्वांसमोर झाले, तळहाताची चाचणी झाली, मग दुरुस्ती मंजूर झाली. तिच्याखाली कोणी लिहिली, कोणी तपासली, कधी आणि का, सगळे नमूद आहे. कारणाच्या जागी लिहिले आहे की राबून घट्ट झालेली बोटे ओळखली जात नव्हती.

ऑपरेटरने नवीन आवृत्ती टाकायला बरीच टाळाटाळ केली. शेवटी बाई समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि उठल्याच नाहीत, तेव्हा टाकली. लॅपटॉप त्यांनी स्वतःकडे वळवला. बोट फिरले, बाण फिरला. चहावाला म्हणाला, "चाल्ला ना वं बाई." बाई हसल्या नाहीत. त्यांनी कामांची यादी उघडली आणि ओळीखाली बोट ठेवत खाली खाली गेल्या. तांड्याची नळाची लाइन सातव्या जागी होती.

"मी तं पयली सांगतली होती. सातवी कोणं केली?"

ऑपरेटर खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "ताई, ते सिस्टमनं घेतलं."

"सिस्टमले कालपर्यंत माह्यं बोट दिसत नव्हतं," बाई म्हणाल्या. "मंग तिले तांडा कसा दिसला?"

ग्रामसेवकांना त्याच क्षणी तालुक्याच्या मीटिंगची आठवण झाली.

सबब, परदेशस्थ सद्गृहस्थांची नावे मी प्रतिवादींच्या यादीतून वगळत आहे. त्यांनी अंगठे पाठवले, यंत्र अंगावर सोडले, हात धुवायला लावले; पण एक आकडा बदलताना त्याखाली स्वतःचे नाव लिहिले आणि जगासमोर कारण दिले. आमच्या पंचायतीत एका तांड्याचे पाणी सहा जागा खाली सरकले आणि त्याखाली कोणाचेच नाव नाही.

उरलेल्या दोन प्रतिवादींनी, ग्रामसेवक आणि ऑपरेटर यांनी, येत्या ग्रामसभेत, तांड्यावरच्या बाया समोर बसलेल्या असताना आणि लाऊडस्पीकर सुरू असताना सांगावे : ती ओळ कोणाच्या बोटाने खाली नेली, कधी आणि का. "सिस्टमने" हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही. ते द्यायचेच असेल, तर सिस्टमने स्वतः हजर राहून जबाब द्यावा.