औषध कोण कालवतं

माझ्या खोलीत भिंतीवर एक प्रमाणपत्र लटकतंय. शिकाऊ डॉक्टरांना कसं शिकवावं, याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग मी केलं, त्याचं. मोठ्या माणसाला शिकवताना त्याच्या अनुभवापासून सुरुवात करा, असं तिथं सांगितलं होतं आणि मी मान डोलावून वहीत उतरवूनही घेतलं होतं. त्याच महिन्यात मी जे केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही.

माझ्या हाताखाली एक शिकाऊ डॉक्टर आला. बाकीची पोरं पंचविशीतली, हा चाळिशीला टेकलेला. भीमपूरकडच्या सरकारी दवाखान्यात आठ वर्षं काढून पुढचं शिकायला आलेला. राउंडला काहीही विचारलं की "सर, आमच्या तिकडं खेड्यात..." असं सुरू करायचा. एकदा माझं डोकं सणकलं. भरल्या वार्डात मी त्याला म्हणालो, "खेड्यातलं खेड्यात ठेवा. इथं पुस्तकातलं बोला." पोरं फिदीफिदी हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्याच आठवड्यात, कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, एक बाई आली. उलट्या, जुलाब, अंगाला दरदरून घाम. मी विचारलं, "फवारणी केली काय?"

"नाही जी," ती म्हणाली.

झालं. मी पोरांना पोटाच्या इन्फेक्शनवर लेक्चर झाडलं आणि सलाईन लावायला सांगितलं. फवारणीच्या विषानं डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात; बॅटरी मारून बघायला कितीसा वेळ लागतो? मी नाही बघितल्या. त्या चाळिशीतल्या डॉक्टरनं बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटलं.

दुपारी बाईच्या तोंडाला फेस आला, श्वास घरघरायला लागला. मी धावत पोचलो तेव्हा तो तिच्या उशाशीच होता. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. विषावरचं इंजेक्शन त्यानं मला न विचारता सुरू केलं होतं. ते सकाळपासून त्याच्या खिशात तयार होतं, हे मला सिस्टरनं नंतर सांगितलं.

बाई वाचली. तिसऱ्या दिवशी उठून बसली, तेव्हा त्यानं माझ्यादेखत तिला विचारलं, "मावशी, औषध कोन कालवते?"

"मीच जी, डरमात, हातानं. पंप मालकाच्या पाठीवर राह्यते, मंग फवारणी त्याईचीच नं."

ती पहिल्या दिवशी खोटं बोललीच नव्हती. आमच्या भागात फवारणी म्हणजे पंप पाठीवर घेणं, आणि ते पुरुषाचं काम. बाई पाणी आणते, कोपरापर्यंत हात घालून औषध कालवते आणि विचारलं तर नाही म्हणते. मी याच जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, तरी मला हे ठाऊक नव्हतं. त्याला आठ वर्षांपासून ठाऊक होतं.

मी त्याला जिन्यात गाठलं. "त्याच दिवशी सकाळी काऊन नाही बोलले तुमी?"

"सर, ते खेड्यातलं होतं," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता, तेच मला झोंबलं. मग म्हणाला, "पण चूक माहीच हाय. बोलाले पाह्यजे होतं."

चूक त्यानं स्वतःकडं घेतली आणि मी ती घेऊ देणार होतो, क्षणभर का होईना. मग मी त्याची माफी मागितली. हळू आवाजात, खालून कोणी वर येत नाही ना, हे आधी वाकून बघून.