ब्रिनचे एकशे एकतीस पौंड

गावात बातमी अशी, की ब्रिन झेलेन्काला कॉलेज बदलायला कोणीतरी नवाकोरा ट्रक दिला. पेट्रोल पंपावरचा डेल तर रंगसुद्धा सांगतो. "लाल! या डोळ्यांनी बघितला!" साफ खोटं. ब्रिन माझी मावसबहीण. ती चालवते तो ट्रक तिच्या बापाचा आणि त्याचा एक दरवाजा फक्त आतून उघडतो.

खरी गोष्ट साधी आहे, आणि मला जास्त झोंबणारी.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या जिममध्ये तिच्यासाठी टेबल मांडलं होतं, त्यावर तीन कॉलेजांच्या टोप्या. खेळाडू जी टोपी डोक्यावर घालेल ते त्याचं कॉलेज. आता ब्रिनला कुस्तीसाठी बोलावणं आलं होतं एकाच कॉलेजचं. उरलेल्या दोन टोप्या कॅरलमावशीनं दुकानातून आणलेल्या, टेबल ओकंबोकं दिसू नये म्हणून. तरी ब्रिनबाईसाहेबांनी तिन्ही टोप्यांवरून सावकाश हात फिरवला! लोकांनी श्वास रोखला. केक कापायची सुरी धरून मी उभा. कुस्ती मीही खेळतो, पण मला कुठल्या कॉलेजचं साधं पोस्टकार्ड आलेलं नाही. टाळ्या पडल्या तेव्हा मी केकचा सगळ्यात मोठा तुकडा स्वतःलाच कापून घेतला.

मग या मार्चमध्ये तिच्या कोचनं तिला बोलावलं. त्याचा आवाज मी नाकातून हुबेहूब काढतो. "ब्रिन बेटा, आपण कुटुंब आहोत. फक्त कुटुंबात एक नवी मुलगी येतेय, एकशे एकतीस पौंडांची. तू जरा चांगलं जेव, सात पौंड वाढव."

संघात एका वजनगटात एकच मुलगी लढते, आणि पुढचा गट सात पौंड वर. ब्रिन एकशे एकतीसची. तिनं वजन वाढवलं नाही. कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत नाव टाकलं आणि घर गाठलं.

"आणि शिष्यवृत्ती?" मावशीचा वाढायचा चमचा हवेतच थांबला.

"गेली. यादीत नाव टाकलं की ते काढून घेऊ शकतात. घेतली."

"अगं, दुसरी फांदी धरल्याशिवाय पहिली सोडतं का कोणी?"

"नाव टाकल्याशिवाय दुसरे कोच बोलूच शकत नाहीत, आई. आधी सोडायची, मग शोधायची. नियमच तसा."

तीन आठवडे तिचा फोन मिठाच्या भांड्याशेजारी पडून होता. मी मावशीकडेच राहतो, तेव्हा रोज जेवताना नवनव्या कोचचे आवाज काढायचो. "हॅलो, आम्ही अलास्काहून बोलतोय, तुम्हाला अस्वलं उचलता येतात का?" मावशी हसायची नाही. ब्रिन म्हणायची, "पोपटा, गिळ." खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. फोन न येणारा घरात मी एकटाच नव्हतो.

बाविसाव्या दिवशी फोन आला. मिसूरीतलं एक लहानसं कॉलेज, कोच बाई. कुटुंब वगैरे काही नाही. "माझ्याकडे एकशे एकतीसची मुलगी आहे. चांगली आहे. ऑक्टोबरात तिच्याशी लढ. जिंकलीस तर जागा तुझी. शिष्यवृत्ती अर्धीच, पण हरलीस तरी राहील."

"वजन वाढवायचं का?"

"कशाला?"

"येते," ब्रिन म्हणाली. कुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

"अर्ध्यावर?" मी म्हणालो. "तिथेही राखीव म्हणून बाकच गरम करशील."

"लाव पैज. मी हरले तर वर्षभर तुझे घामट मोजे धुईन. तू हरलास तर मी लिहून देईन ते शाळेच्या सकाळच्या घोषणांत वाचायचं. कुणाची नक्कल न करता."

"लागली!"

उरलेल्या अर्ध्या फीसाठी ती तिकडे पहाटे तरणतलावावर टॉवेलांच्या घड्या घालते. ऑक्टोबरात मावशीबरोबर मीही गेलो. मनातल्या मनात मी दुसरीच्या बाजूनं ओरडत होतो, आणि ती दुसरी पुढेही होती, तीन-दोन. शेवटचे आठ सेकंद उरले असताना ब्रिननं तिचा घोटा पकडला आणि तिला खाली आणलं. त्याचे दोन गुण. चार-तीन.

सोमवारी सकाळी माइकवर मी वाचलं: "आपल्या शाळेची ब्रिन झेलेन्का आता तिच्या कॉलेजकडून एकशे एकतीस पौंडांत लढणार आहे. ती हरेल अशी पैज तिच्या सख्ख्या मावसभावानं लावली होती. तो गाढव मीच."