उमरीच्या स्टँडवरची पंधरा मिनिटं

माझे वडील लाल गाडीचे ड्रायव्हर होते. डेपो देगलूरला आणि घर उमरीला, कारण आई उमरीत अंगणवाडी चालवायची. वडिलांचा मुक्काम बहुतेक डेपोतच. आठवड्याच्या सुट्टीला घरी आले तरी निम्मा दिवस झोपेत जायचा. पण त्यांची भोकरची गाडी दुपारी उमरीच्या स्टँडवर पंधरा मिनिटं थांबायची, आणि आमचा सगळा संसार त्या पंधरा मिनिटांत चालायचा.

गाडी लागायच्या आधीच आई आणि मी लिंबाखाली जाऊन बसायचो. फडक्यात भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आईचा बोलण्याचा क्रम ठरलेला. आधी त्यांना दोन घास खाऊ द्यायचे, मग माझी वही दाखवायची, मग कोण आजारी, कुणाचं लग्न जमलं ते सांगायचं. तक्रार सगळ्यांत शेवटी. वडील उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि कंडक्टर घंटी मारायचा. आई हा डाव मुद्दाम खेळते, अशी माझी खात्री होती. वडील हात धुऊन माझ्या डोक्यावर ओलाच तळवा ठेवायचे आणि गाडीत चढायचे.

निवृत्त होऊन ते घरी आले तेव्हा आईला वाटलं, आता बोलायला दिवसच्या दिवस आहेत. पण कितीतरी दिवस वडील जेवण झालं की उठून सरळ चपला घालायचे. मग आई म्हणायची, "बसा की. गाडी कुठं चालली न्हाई आता." ते ओशाळून परत बसायचे. मी यावरून त्यांना भरपूर चिडवलं.

आता मी लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. सकाळी सहाला पहिली बॅच, रविवारी टेस्ट, सणावाराला पोरांच्या शंका. दोन बॅचच्या मधे जे उरेल ते माझं. गेल्या दिवाळीत उमरीला गेले तीही सकाळी जाऊन संध्याकाळी परतायच्या बोलीवर. जेवताना मोबाइल ताटाशेजारीच होता आणि मी डाव्या हातानं कुणाकुणाला उत्तरं देत होते. शेवटचा घास गिळला, हात धुतले, पर्स खांद्याला लावली. जेवायला बसून पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

वडील ताटावरूनच म्हणाले, "मला तर घंटी होती. तुला कोण वाजवून राहिलं?"

लातूरच्या गाडीला तर अजून चांगले तीन तास होते. मी मोबाइल पर्समध्ये टाकला, पर्स खुंटीला अडकवली आणि परत ताटावर बसले. आईनं आणखी अर्धी भाकर वाढली, पदराला हात पुसले, आणि या वेळी तिनं सुरुवातच तक्रारीपासून केली.